पेढे अडलेत

जर्मनीतल्या विद्यापीठात फर्स्ट इयर नावाची गोष्टच नसते. सहामाह्या असतात, विषय असतात, विषयाला क्रेडिट असतात आणि सहामाहीला साधारण तीस या हिशेबाने वर्षाकाठी साठ क्रेडिट पदरात पडावेत अशी अपेक्षा असते. पण एफवाय, एसवाय असे जिने नाहीत. त्यामुळे पहिल्या वर्षात कुणी नापास होऊन बसत नाही आणि पास होऊन दुसऱ्यात जातही नाही. ३० सप्टेंबरच्या रात्री उन्हाळी सहामाही संपते, १ ऑक्टोबरच्या सकाळी हिवाळी लागते, आणि मधल्या रात्रीबद्दल विद्यापीठ चकार शब्द काढत नाही. गुणपत्रिका नाही, क्लास नाही, नोटीस बोर्डापुढची रेटारेटी नाही.

मी आखेनला मास्टर्स करते. ऑक्टोबर २०२४ ला सुरू झालेलं माझं वर्ष असंच गुपचूप सरलं. सांगलीत आमच्या घरी हे अजून कुणाला पटलेलं नाही. आईने मिठाईवाल्याशी बोलून ठेवलंय. पेढे किती किलो, कुणाकुणाला, अख्ख्या सोसायटीत की फक्त आपल्या विंगेत, सगळं ठरलंय. निकालाचं तेवढं अडलंय.

"लागला का गं निकाल?"

"अगं, एकदम नाही लागत. एकेका विषयाचा लागतो. काही लागलेत, काही यायचेत."

फोनच्या मागे आत्या बसलेली असते. ती पुढे सरकते. "राखून ठेवलाय का?"

महाराष्ट्रात निकाल राखून ठेवतात तेव्हा त्याचा अर्थ काय होतो हे ज्यांना ठाऊक आहे, त्यांना आत्याच्या आवाजातली काळजी कळेल. त्यावर मामांनी समजूतदारपणे तोडगा काढला. "एटीकेटी असेल. असू दे. तिकडे चालत असेल तेवढं."

शेवटी एकदा मी आकडा सांगून टाकला. डेटाबेसच्या पेपरात १.७.

"दहापैकी?" मामांनी विचारलं.

मी सांगितलं, इथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० पर्यंत पास, ५.० म्हणजे नापास. आकडा जितका लहान तितका विद्यार्थी हुशार. बाबा बँकेतून रिटायर झालेत. आकडा खाली गेल्यावर आनंद मानायची त्यांना सवय नाही. त्यांनी जरा विचार केला आणि म्हणाले, "मग आपला पप्या तिकडे असता तर बोर्डात आला असता." पप्या माझा मामेभाऊ. मामा शेजारीच बसले होते. तो कॉल त्या दिवशी लवकर संपला.

खरं तर १.७ चे टक्के काढता येतात. भारतातल्या गुणांचं जर्मन आकड्यात रूपांतर करायचं एक सूत्र आहे, त्याला बव्हेरियाचं नाव आहे, आणि जर्मनीला यायची तयारी करणारी पोरं ते झोपेतून उठवलं तरी म्हणून दाखवतात. कमाल गुणांतून आपले गुण वजा करायचे, कमाल आणि किमान यांच्या फरकाने भागायचं, तीनने गुणायचं, एक मिळवायचा. पुण्यात मॅक्सम्युलर भवनाच्या आसपास चहाच्या टपरीवर उभं राहिलं तरी कानावर पडतं. मी ते उलटं फिरवलं. कमाल शंभर आणि किमान चाळीस धरले तर १.७ चे होतात ८६ टक्के. हा उलटा हिशेब कुठलंही विद्यापीठ मान्य करणार नाही, पण आत्याने केला.

"शहाऐंशी ना? मग सरळ सांगायचं की तसं!" आणि लगेच, श्वास न घेता, "खालच्या मजल्यावरच्या मुलीला एक्याण्णव आहेत."

आता परीक्षेचंच निघालंय तर सांगते. इथे बऱ्याच विषयांत अख्ख्या सहामाहीचा एकच पेपर. इंटर्नल नाही, जर्नल नाही, सबमिशनच्या आदल्या रात्री मैत्रिणीच्या घरी जमून एकमेकींच्या फाइल पुऱ्या करणं नाही. ज्या उमेदवाराने चार वर्षं पुणे विद्यापीठात इंटर्नलच्या वीस मार्कांवर संसार केलाय, त्याला हा फार मोठा धक्का असतो. पेपरला बसायचं तर आधी ऑनलाइन नाव नोंदवायचं. धीर सुटला तर मुदतीच्या आत नाव मागेही घेता येतं आणि कुणी काही म्हणत नाही. संधी साधारण तीन. तिसऱ्यांदा एखाद्या सक्तीच्या विषयात गचकलात तर तो अभ्यासक्रम तुम्हाला जर्मनीतल्या दुसऱ्या कुठल्याही विद्यापीठात पुरा करता येत नाही. सोलापूरला नाही जमलं म्हणून जळगावला अॅडमिशन घेतली, ही सोय नाही.

मात्र काही विषयांत प्राध्यापक स्वतः सांगतात की परीक्षेला येताना एक ए-फोर कागद लिहून आणा. दोन्ही बाजूंनी लिहा, हवं ते लिहा, फक्त स्वतःच्या हाताने लिहा. कॉपीमुक्त अभियानात वाढलेल्या मुलीच्या मनावर या वाक्याचा काय परिणाम होतो ते सांगता येणार नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा आधी दाराकडे पाहिलं, भरारी पथक आलं की काय म्हणून. मग आठवडाभर प्रत्येकजण त्या एका कागदात सहामाही कोंबायला बसतो. अक्षर लहान होत होत मुंगीएवढं होतं, समास नाहीसे होतात, सूत्रं कडेने उभी चढतात. आणि परीक्षेत तो कागद उघडायची वेळच येत नाही, कारण लिहिता लिहिता सगळं पाठ झालेलं असतं. प्राध्यापकांचा कावा असा असतो. आपल्याकडे कॉपी करणाऱ्या पोरांना हे कळलं तर ती कॉपी करायची सोडून देतील, इतकी मेहनत पडते.

निकालानंतरही एक सोहळा असतो. ठरलेल्या दिवशी, ठरलेल्या खोलीत तपासलेला पेपर बघायला मिळतो. फी नाही, अर्ज नाही, झेरॉक्सचे पैसे नाहीत, पुनर्मूल्यांकनात मार्क कमी झाले तर काय ही धाकधूक नाही. खोलीत लांबलचक टेबलं, त्यावर आपापला पेपर, आणि एक तरुण सहायक फेऱ्या मारत असतो. माझ्या पुढच्या बाकावरच्या मुलाने त्याला बोलावलं आणि अर्ध्या मार्कावरून वाद घालायला सुरुवात केली. अर्धा! आवाज चढवून नव्हे, अगदी शांतपणे. प्रश्नाची भाषा, उत्तराची भाषा, पाठ्यपुस्तकातलं पान, सगळं त्याने टेबलावर मांडलं. सहायक वाकून वाचत होता, मान हलवत होता, मधेच 'नाही' म्हणत होता. हे इतका वेळ चाललं की माझा पेपर मी दोनदा वाचून काढला. शेवटी सहायकाने अर्धा मार्क दिला, मुलाने आभार मानले, आणि दोघेही समाधानाने वेगळे झाले. ज्यांना 'सरांना उलट बोलायचं नसतं' हे बालवाडीपासून ऐकवलं गेलंय त्या आम्ही सगळ्या भारतीय पोरी आपापल्या पेपराचं दर्शन घेऊन गुपचूप बाहेर पडलो.

आणि तास संपल्यावर इथली मुलं टाळ्या वाजवत नाहीत, बोटांच्या पेरांनी बाक वाजवतात. रोज, प्रत्येक तासाला. प्राध्यापक खूश होऊन मान लववतात. सांगलीत हेच केल्याबद्दल आमच्या अर्ध्या वर्गाने मैदानाला चकरा मारल्या आहेत.

टक्क्यांचं जाऊ द्या. वर्षभर ज्या विषयाचा पेपर रोज द्यावा लागला, सुट्टीच्या दिवशीसुद्धा, तो विषय म्हणजे कचरा. सांगलीत आमच्या गल्लीत सकाळी घंटागाडी गाणं वाजवत येते, आई ओला-सुका असे दोन डबे घेऊन खाली धावते, गाडीवाला काका "काय वहिनी, आज उशीर?" म्हणतो आणि मामला संपतो. इथे आमच्या चौघींच्या सामायिक स्वयंपाकघरात भिंतीवर एक तक्ता आहे. कागद वेगळा, वेष्टनं वेगळी, जैविक वेगळा, आणि यांपैकी कशातच न बसणाऱ्या उरल्यासुरल्याचा डबा वेगळा. काच तर घरात टाकायचीच नाही. ती रस्त्याकडेच्या लोखंडी पेटीत, पांढरी, तपकिरी, हिरवी अशी रंग बघून. निळी असेल तर हिरवीत. आणि रविवारी नाही, कारण काच फुटल्याचा आवाज होतो आणि रविवारी आवाज करायचा नसतो.

माझी फ्लॅटमेट लेना हिच्याकडून मी टी-बॅगचं विसर्जन शिकले. चहा पिऊन झाल्यावर ती पिशवी पिळते. दोरा सोडवते. दोऱ्याच्या टोकाचा कागदी तुकडा कागदात. पिशवीला पिन असेल तर ती नखाने उकलून बाजूला. चहाची पत्ती जैविकात. पिशवी ज्या पाकिटातून आली ते पाकीट कागदाचं आहे की आत चकाकी आहे ते उजेडाला धरून बघते आणि मग त्याची जागा ठरवते. हे सगळं ती मोबाईलवर गप्पा मारत, न बघता करते. दह्याचा डबा टाकताना वरचं झाकण पुरतं तोडून सुटं टाकते, कारण दोन्ही चिकटलेले राहिले तर कारखान्यातल्या यंत्राला वेगळे ओळखता येत नाहीत. एवढा विचार आम्ही बारावीनंतर कुठल्या शाखेला जायचं याचाही केला नव्हता.

एकदाच ती अडली. गणपतीत मी नारळ फोडला. खोबऱ्याच्या वड्या झाल्या, चौघींनी खाल्ल्या, आणि करवंटी उरली. आता करवंटी कशात? झाडाची आहे म्हणून जैविक, असं एकीचं मत. कुजायला वर्षं लागतील, मग उरल्यासुरल्यात, असं दुसरीचं. लेना तक्त्यापुढे उभी राहिली. तक्त्यात केळ्याचं साल होतं, अंड्याचं कवच होतं, करवंटी नव्हती. मी म्हटलं, आमच्याकडे हिचा बंब पेटवतात. त्यावर तिघींनी आधी धूर शोधणाऱ्या यंत्राकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. रात्री उशिरा ठराव झाला की हा कचराच नाही. सध्या त्या करवंटीत खिडकीपाशी निवडुंग लावलेला आहे.

बाबांना या सगळ्यात एकाच गोष्टीत रस. बाटल्या. इथे पाण्याची किंवा कोल्ड्रिंकची एकदाच वापरायची प्लॅस्टिकची बाटली घेतली की पंचवीस सेंट अनामत कापतात. बाटली सुपरमार्केटातल्या यंत्राच्या भोकात आडवी घातली की आतला पट्टा तिला गरगर फिरवतो, यंत्र बारकोड वाचतं, कराकरा चुरडतं आणि पैशाची चिठ्ठी देतं. बाटली आधीच चेपलेली असेल तर थुंकून टाकल्यासारखी परत करतं. काचेच्या बीअरच्या बाटलीला आठ सेंट. बाबा गेली तीस वर्षं महिन्याच्या पहिल्या रविवारी रद्दीवाल्याच्या तराजूखाली वाकून काटा बघतात. त्यांनी विचारलं, "किलोला काय भाव?" म्हटलं, किलोवर नाही, नगावर. ते हळहळले. "म्हणजे काटा मारायला वावच नाही."

रविवार हा इथे कायद्याने रिकामा असतो. दुकानं बंद, ड्रिल मशीन बंद, काचेची पेटी बंद. पण आखेन पडलं अगदी सरहद्दीवर. शहराच्या बसने पश्चिमेला निघालं की थोड्या वेळात नेदरलँड्सचं फाल्स गाव लागतं आणि तिथली दुकानं रविवारी उघडी असतात. त्यामुळे आमच्याकडे रविवारी दूध संपलं तर माणूस परदेशी जातो. शिक्का नाही, रांग नाही. ज्या मुलीने व्हिसासाठी कागदपत्रांची फाइल इतकी जाड केली होती की ती रबरबँडात मावेना, ती आता एक लिटर दुधासाठी दोन देश करून येते. तिथून जवळच जर्मनी, बेल्जियम आणि नेदरलँड्स जिथे एकत्र येतात ती टेकडी आहे. युरोपातल्या नेदरलँड्समधली ती सर्वांत उंच जागा, ३२२ मीटर. डच लोक तिथे चढून जाऊन फोटो काढतात. सांगली गाव उभंच आहे समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास. म्हणजे आमची आई रोज वाळवण घालायला त्यांच्या शिखराच्या वर जाते.

लक्ष्मीपूजनही असंच कायद्यात सापडलं. २०२४ चं लक्ष्मीपूजन १ नोव्हेंबरला होतं. आणि १ नोव्हेंबर म्हणजे ख्रिश्चनांचा सर्व संतांचा दिवस. आखेनच्या राज्यात त्या दिवशी सुट्टी असते, पण मौनाची सुट्टी. दुकानं बंद, नाचगाण्याच्या कार्यक्रमांवर बंधनं, लोक स्मशानात जाऊन आपल्या माणसांच्या थडग्यांवर दिवे लावतात. फटाके तर या देशात सामान्य माणसाला नववर्षाच्या रात्रीच उडवता येतात. आम्ही आपल्या खिडकीत पणत्या लावल्या. समोरच्या घरातल्या आजींनी त्या पाहिल्या, गंभीरपणे मान खाली घातली, आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात माझा दंड हलकेच थोपटला. त्यांना वाटलं, आमच्याही घरातलं कुणी गेलं. आजी, आमचे पितर महिनाभरापूर्वीच जेवून गेले, हे जर्मनमध्ये सांगण्याइतकं माझं व्याकरण तेव्हा पक्कं नव्हतं.

थंडीबद्दल फार लिहीत नाही, सगळेच लिहितात. डिसेंबरात साडेचारला अंधार पडतो आणि सकाळी साडेआठपर्यंत उजाडत नाही, एवढं पुरे. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं तासभर मागे जातात आणि सांगलीचं अंतर साडेतीन तासांवरून साडेचार तासांवर जातं. आजीला हे मंजूर नाही. सरकार घड्याळ फिरवेल, पण भूक कशी फिरवेल, असा तिचा प्रश्न. ती वर्षभर मला साडेतीनच्याच हिशेबाने "जेवलीस का?" विचारते.

आणि ज्या देशात टी-बॅगची चार ठिकाणी वाटणी होते, त्याच देशात फेब्रुवारीच्या सुमारास, भर परीक्षेच्या दिवसांत, कार्निव्हलचा एक गुरुवार उगवतो. त्या दिवशी बायका कात्री घेऊन हिंडतात आणि दिसेल त्या पुरुषाचा टाय कापतात. बसमध्ये एक वाघ, दोन नन आणि एक अननस बसले होते. अननस फोनवर अल्गोरिदमच्या नोट्स वाचत होता. पुढच्या आठवड्यात त्याचा पेपर होता, माझाही.

खरा गोंधळ झाला तो नावाचा. पासपोर्टवर माझं दिलेलं नाव आहे स्नेहल सुरेश आणि पुढे आडनाव. आपल्याकडे मधलं नाव बापाचं हे शेंबड्या पोरालाही कळतं. जर्मन कारकुनाला त्याच्याशी देणंघेणं नाही. त्याच्या लेखी मला दोन पहिली नावं आहेत आणि दोन्ही माझीच. नव्या घरात राहायला आल्यावर दोन आठवड्यांच्या आत नगरपालिकेत नोंद करावी लागते. तिथे मी नोंदले गेले स्नेहल सुरेश. विम्यात स्नेहल सुरेश. विद्यापीठाच्या कार्डावर जागा पुरेना म्हणून स्नेहल सुरे. एका दवाखान्यात तर नर्सबाईंनी बाहेर येऊन "सुरेश?" अशी हाक मारली आणि मी उठून उभी राहिले. बाबांना हे सांगितलं तेव्हा ते गहिवरले. चाळीस वर्षं बँकेत काढून जे नाव सांगली-मिरजेच्या बाहेर गेलं नाही, ते आता आखेनच्या दवाखान्यात पुकारलं जातंय.

इथे घरांना फ्लॅट नंबर नसतात. बेलवर आणि पत्रपेटीवर आडनाव. आडनाव नसेल तर पत्र परत. आणि इथे अजून सगळं पत्राने येतं. बँकेचा पिन पत्राने, विम्याचं कार्ड पत्राने, आणि नव्या घरात सर्वांत आधी स्वागताला येतं ते रेडिओ-टीव्हीच्या वर्गणीचं पत्र. घरटी महिना १८.३६ युरो. टीव्ही नाही? हरकत नाही. रेडिओ नाही? त्यालाही हरकत नाही. घर आहे ना? मग भरा. तर आमच्या पेटीवर आता चार आडनावं आहेत आणि माझं सर्वांत लांब. महाराष्ट्रात १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या कागदोपत्री नावात आईचंही नाव येतं, ही अगदी योग्य गोष्ट झाली. फक्त ती मुलं मोठी होऊन इकडे शिकायला आली की जर्मनीला पत्रपेट्या मोठ्या कराव्या लागतील.

पैशाचं बोलले नाही तर बाबा म्हणतील मुख्य मुद्दाच राहिला. जर्मनीला शिकायला येणाऱ्याने वर्षाचा खर्च आधीच एका बंद खात्यात ठेवून दाखवावा लागतो. आम्ही आलो तेव्हा हा आकडा ११,९०४ युरो. पैसे तुमचेच, पण हात लावायचा नाही. दर महिन्याला ९९२ युरो सुटतात. तुम्ही कितीही गोड बोला, ९९३ होत नाहीत. भाडं गेलं, विम्याचे एकशेचाळीसच्या वर गेले, की उरलेल्यात महिना बसवायचा. कामही करता येतं, पण विद्यापीठाबाहेर वर्षाला १४० पूर्ण दिवस किंवा २८० अर्धे दिवस एवढंच. बाबांनी त्यासाठी सांगलीत वेगळी वही घातली आहे आणि त्यात माझे अर्धे दिवस ते लाल पेनाने मांडतात. विद्यापीठातलं माझं काम म्हणजे पहिल्या सहामाहीच्या मुलांचे गृहपाठ तपासणं. कुणी अर्ध्या मार्कासाठी वाद घालायला आलं की मी आता नुसत्या बोलण्याला बधत नाही. पुराव्यासह पटवलं तर देते.

पहिले काही महिने प्रत्येक वस्तूची किंमत रुपयांत काढायची सवय असते. कोथिंबिरीची जुडी, बसचं तिकीट, केस कापणं. केस कापण्याचा गुणाकार केल्यावर मी केस वाढवले. आले तेव्हा युरो ९१-९२ रुपयांच्या घरात होता आणि दुकानात उभ्या उभ्या ब्याण्णवने गुणताना दमछाक व्हायची. वर्ष संपता संपता युरो शंभरच्या पुढे गेला. रुपया पडला याचं देशाला दुःख, बाबांना तर फारच दुःख, पण माझा गुणाकार सोपा झाला हे नाकारता येत नाही.

आणि मग सप्टेंबरात त्या बंद खात्यातून शेवटचे ९९२ सुटले. खात्यात शिल्लक शून्य. विद्यापीठाने नाही, प्राध्यापकांनी नाही, पण बँकेने लेखी कळवलं की माझं एक वर्ष झालं. मी तो कागद घरी पाठवला. आईने चष्मा लावून वाचला, मिठाईवाल्याला फोन केला, आणि आत्याने विंगेत पेढे वाटताना सगळ्यांना सांगितलं की पोरीला शून्य आलं, आणि तिकडे शून्य म्हणजे एकपेक्षाही भारी. कुणाची हिंमत झाली नाही पुढचं विचारायची.

यंदा जी मुलं नव्याने येताहेत त्यांना दोन शब्द. तूरडाळ, पोहे, बेसन उरावर वाहून आणू नका, इथे मिळतात. लोखंडी तवा आणा, तो मनासारखा मिळत नाही. कुकर आणलात तर रात्री दहानंतर शिट्टी काढू नका, तो शांततेचा वेळ असतो. उतरल्या दिवशी पत्रपेटीवर आडनाव चिकटवा, नाहीतर बँकेचं कार्ड आल्या वाटेने परत जातं. परीक्षेच्या नोंदणीची तारीख भिंतीवर लिहा. आणि रहिवासी परवाना वाढवायला पुढच्या वर्षाच्या खर्चाची सोय परत दाखवावी लागते, तेव्हा घरी ते आत्ताच सांगून ठेवा. पेढे वाटून झाल्यावर सांगितलंत तर ऐकून घेणारं कुणी नसतं.